सातवी-आठवीच्या मुलींसाठी इंजिनिअरिंगची सत्रं: काय सामान, किती जणी?

ईएनटीसी_तिसरं_वर्ष
आमच्या एनएसएस युनिटला जिल्हा परिषद शाळेतल्या सातवी-आठवीच्या 30 मुलींसोबत सहा शनिवार काम करायचंय. शिकवायला आम्ही आठ जणी. पहिल्या दिवशी 'इंजिनिअरिंग म्हणजे काय' यावर स्लाइड्स, मग आर्डुइनो (लॅपटॉपवरून प्रोग्राम करायचा छोटा सर्किट बोर्ड), असं डोक्यात आहे. चालेल का?

सोल्डरगन
स्लाइड्स नकोत. आर्डुइनोही आत्ता नको. अर्धा वेळ लॅपटॉप आणि केबल यांच्यात जातो आणि मुली नुसत्या बघत बसतात.

एलईडीपासून सुरू करा. दोघींत एक संच: दोन पेन्सिल सेल, सेलचा होल्डर, लाल एलईडी, 100 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग), वायर, पुठ्ठा. 15 संच लागतील, एलईडी मात्र 40 आणा. लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो, सेल 3 देतात, उरलेला 1 व्होल्ट रेझिस्टरवर पडतो, म्हणजे प्रवाह 10 मिलिअँपिअरच्या आसपास. पांढरे एलईडी आणू नका. त्यांना जवळपास 3 व्होल्ट लागतात, त्यामुळे इथे ते मिणमिणतात. आणि लालला समांतर जोडले तर पेटतच नाहीत, कारण लाल एलईडी व्होल्टेज 2 वरच धरून ठेवतो. मुलीला वाटतं, आपलंच चुकलं. कुणी 9 व्होल्टची बॅटरी आणलीच तर 470 ओहम लावा. बटण सेल अजिबात नकोत, घरी लहान भावंडं गिळतात.

पुढच्या शनिवारी त्याच सर्किटमध्ये पुठ्ठा आणि फॉइलचा स्विच. नंतर तोच स्विच टाकीत पाणी भरल्याचा इशारा देईल असा बसवायला सांगा. इंजिनिअरिंग खरं तिथे सुरू होतं.

विज्ञानबाई
सामान ठीक. पण घोळ होतो तो शिकवणाऱ्यांच्या हातांमुळे. एलईडी उलटा लागला की ताई पटकन सरळ करून देते, संपलं! हात मागे ठेवून फक्त विचारायचं, "लांब पाय सेलच्या कुठल्या टोकाकडे गेलाय?"

सहा जणींकडे पाच-पाच मुली द्या. दोघी राखीव, कारण कुणाचं तरी सबमिशन निघणारच. पाचांत दोन जोड्या होतात, पाचवी तपासनीस; म्हणजे 12 संच वापरात, 3 राखीव. दर शनिवारी पाळी बदला, नाहीतर एकच मुलगी कायम वही धरून बसते.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र आणि वर्गात शाळेच्या एक बाई हव्यातच. मुलींचे फोन नंबर घेऊ नका. शाळा सुटल्यावर थांबवू नका, एसटी चुकली तर पुढच्या वेळी घरचे पाठवणार नाहीत.

ईएनटीसी_तिसरं_वर्ष
वर्गातली मुलंही येऊ म्हणतायत. घ्यायची का?

विज्ञानबाई
घ्या, पण जोड्या वेगळ्या. मिश्र जोडीत वायर मुलाच्या हातात जाते आणि "तुझं अक्षर छान आहे, तू लिही" हे मुलीच्या वाट्याला येतं.

सोल्डरगन
जुलै-ऑगस्टमध्येच उरका, पुढे तुमची सेमिस्टर परीक्षा आडवी येते. शेवटच्या शनिवारी पालकांना बोलवा, जोडणी मुलींनाच दाखवू द्या. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट बऱ्याच घरांत माहीतच नसते.