स्टीफन किंग यांचे उत्तरकालीन लेखन खरोखरच उतरणीला लागले आहे का?

प्रश्न – अनुराधा

अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंग यांची 2025 साली आलेली 'नेव्हर फ्लिंच' ही कादंबरी नुकतीच वाचून झाली आणि बराच काळ मनात घोळत असलेला प्रश्न जाणकारांपुढे ठेवावासा वाटला. एका निर्दोष माणसाला दोषी ठरवून तुरुंगात पाठवले जाते, तिथे तो मारला जातो, आणि त्याचा सूड म्हणून ज्युरीतल्या एकेका सदस्याच्या नावाने भलत्याच निरपराध व्यक्तींना मारत सुटलेला एक खुनी. शिवाय स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगावी व्याख्याने देणाऱ्या एका कार्यकर्तीचा पाठलाग करणारा दुसरा माथेफिरू, अशी दोन कथानके तिच्यात शेजारी शेजारी चालतात. सामग्री भरपूर आहे, तरीही पुस्तकाने मला कुठेही भिववले नाही. तपास करणारी खासगी गुप्तहेर होली गिब्नी पुढे काय करणार, हे मला प्रत्येक वेळी आधीच कळत होते आणि तरुण पात्रांचे संवाद आजच्या मुलांचे वाटत नव्हते.

तुलना अन्यायाची होऊ नये म्हणून एकच उदाहरण देते. 1983 सालच्या 'पेट सेमेटरी'मध्ये लुई क्रीड आपल्या लहानग्या गेजला घेऊन पतंग उडवायला जातो. पतंग वर चढतो, दोर पोराच्या हाती येतो, पोर आनंदाने खिदळते, आणि तेवढ्यात, आवाज जराही न चढवता, किंग सांगून टाकतात की या मुलाच्या आयुष्याचे आता दोन महिनेही उरलेले नाहीत. पुढे काय घडणार ते आपल्याला इथेही आधीच कळलेले असते; पण त्यानंतर त्या घरासमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा उल्लेख आला की पोटात गोळा येतो. म्हणजे गोष्ट आधी फोडणे हा दोष नव्हे. 'नेव्हर फ्लिंच'मध्येही खुन्याच्या मनात काय चालले आहे ते लेखक पहिल्यापासून सांगत राहतात, पण तिथे त्याचा काही परिणाम होत नाही.

लेखकाचा जन्म 1947 सालचा आहे, त्यामुळे वय झाले असे म्हणून विषय सहज मिटवता येईल, परंतु ते उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी त्यांचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही लेखन लक्षपूर्वक वाचले आहे, त्यांनी कृपया सांगावे: नेमके काय बदलले आहे?

प्रतिसाद – दीपमाळ

अनुराधाताई, आपण निवडलेल्या उदाहरणातच उत्तराचा बराचसा भाग आहे, असे मला वाटते. 'पेट सेमेटरी' लिहिण्यापूर्वी किंग मेन राज्यातल्या ऑरिंग्टन येथे ट्रकची सतत वर्दळ असलेल्या रस्त्याकाठी भाड्याच्या घरात राहत होते. त्यांच्या मुलीची मांजर त्या रस्त्यावर मेली आणि धाकटा मुलगा एकदा त्याच रस्त्याच्या दिशेने धावत सुटला होता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लिहून झाल्यावर ती कादंबरी त्यांना इतकी असह्य वाटली की त्यांनी ती बाजूला ठेवून दिली, आणि पुढे जुन्या प्रकाशकाशी असलेला करार पुरा करायचा होता म्हणूनच ती बाहेर आली. तिथली भीती लेखकाच्या घरातली होती. त्यांच्या पुस्तकांची विभागणी सालांनुसार न करता, कोणते पुस्तक भीतीतून आले आहे आणि कोणते हातखंडा सरावातून, अशी केली तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

माझ्या मते याचा सर्वांत चांगला पुरावा 'द शायनिंग' (1977) आणि तिचा पुढचा भाग 'डॉक्टर स्लीप' (2013) या जोडीत मिळतो. पहिल्या कादंबरीतला जॅक टॉरन्स दारूच्या नशेत आपल्या तीन वर्षांच्या मुलाचा हात मोडतो, कारण मुलाने त्याच्या कागदांवर बिअर सांडलेली असते. हे लिहीत असताना किंग स्वतः मद्यपी होते आणि आपण आपल्याचविषयी लिहीत आहोत हे तेव्हा लक्षातही आले नव्हते, असे त्यांनी 2000 साली 'ऑन रायटिंग'मध्ये नमूद केले आहे. हे कुटुंब पुढे ज्या झपाटलेल्या ओव्हरलुक हॉटेलात राहायला जाते, ते हॉटेल जे काही करते, ते त्या घरात आधीपासून धुमसत असलेल्या गोष्टीला वारा घालण्यापुरते.

'डॉक्टर स्लीप'मध्ये तो मुलगा, डॅन, मोठा होऊन बापाच्याच वाटेने गेलेला आहे. सुरुवातीच्या भागात तो एका अनोळखी बाईच्या घरी नशा उतरत असताना जागा होतो. तिचे तान्हुले म्हणावे एवढे पोर ओथंबलेल्या डायपरमध्ये दुडुदुडु बाहेर येते, टेबलावरच्या कोकेनकडे हात करून बोबड्या आवाजात 'खाऊ' म्हणते. डॅन ती पूड पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवतो, आणि मग त्या बाईच्या पर्समधले पैसे घेऊन निघून जातो. भूत नाही, रक्त नाही, पण किंग यांनी चाळीस वर्षांत लिहिलेल्या सर्वांत भयंकर पानांमध्ये मी या पानांची गणना करतो. उलट त्याच कादंबरीतली, मोटरघरांतून देशभर फिरणारी आणि मुलांचा छळ करून त्यांच्यातली शक्ती शोषणारी ती टोळी मात्र पुस्तकभर वावरूनही फिकी पडते. एकाच पुस्तकात, एकाच वयात, एकच लेखक दोन पातळ्यांवर लिहितो. याला सरसकट घसरण कसे म्हणता येईल?

होली गिब्नीचेही तेच आहे. 2014 सालच्या 'मिस्टर मर्सिडीज'मध्ये ती दुय्यम पात्र म्हणून आली, लेखकाचा तिच्यावर जीव जडला, आणि तेव्हापासून तिला काही होऊ द्यायला ते तयार नाहीत. ज्या पात्राला लेखक जपतो, त्याच्यासाठी वाचकाचा जीव टांगणीला लागत नाही. गेजला त्यांनी जपले नव्हते.

प्रतिसाद – कातरकाम

वरील विवेचन मला मोलाचे वाटले, पण त्यात संपादनाचा मुद्दा राहून गेला आहे. 1978 साली 'द स्टँड' प्रकाशित करताना डबलडे या प्रकाशनसंस्थेने खर्चाच्या कारणास्तव हस्तलिखितातली सुमारे 400 पाने काढायला लावली होती. 1990 मध्ये, तोवर लेखकाचा दबदबा निर्माण झालेला असल्यामुळे, वगळलेला बहुतेक मजकूर परत घालून ती पुन्हा निघाली. दोन्ही आवृत्त्या वाचल्यावर माझे मत आहे की पहिली अधिक वेगवान आहे, आणि दुसरीत जे परत आले त्यातले अर्धे आले नसते तरी चालले असते. ज्याच्या नावावर पुस्तक हमखास खपते, त्याला 'हे प्रकरण काढा' असे ठणकावून सांगणारा माणूस मिळणे अवघड होत जाते. 2022 सालच्या 'फेअरी टेल'मध्ये चार्ली, म्हातारे बोडिच आणि रडार ही कुत्री यांच्यावरचा पहिला भाग इतका सुरेख उतरला आहे की दुसऱ्या जगात गेल्यानंतरचा पसारा कुणीतरी निम्म्यावर आणायला हवा होता, असे राहून राहून वाटते.

प्रतिसाद – अनुराधा

दीपमाळ, 'डॉक्टर स्लीप'मधला तो प्रसंग मला लख्ख आठवतो आणि आपले म्हणणे पटते. लेखक पात्राला जपू लागला की भय निघून जाते, हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

कातरकाम, लांबीविषयी मात्र मी पूर्णपणे सहमत नाही. 'इट' 1986 सालची आहे, तिची पाने अकराशेच्या वर आहेत, आणि ती तर त्यांच्या भराच्या काळातली मानली जाते. म्हणजे पसरट लिहिण्याची सवय म्हातारपणी लागलेली नाही. शिवाय 2011 साली आलेली '11/22/63' ही आठशेहून अधिक पानांची कादंबरी मला एका बैठकीत वाचावी अशी वाटली. जेक एपिंग एका उपाहारगृहाच्या कोठीघरातून 1958 सालात उतरतो आणि दहा सेंट देऊन पहिल्यांदा रूट बिअर पितो, तेव्हा त्या पेयाच्या चवीनेच तो काळ खरा वाटू लागतो. केनेडी हत्या टाळण्याच्या मोहिमेपेक्षा टेक्सासमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत त्याने शिकवण्यात घालवलेले दिवस अधिक जागा व्यापतात, पण त्यातले एकही पान मला वगळावेसे वाटणार नाही, कारण तिथे भेटलेल्या सेडीवर त्याचे प्रेम बसल्याशिवाय शेवटी त्याला जे गमवावे लागते त्याला वजनच आले नसते.

प्रतिसाद – रातवा

चर्चा मनापासून वाचली. किंग यांच्या लेखनाचा एकच उतार दाखवणारी रेघ काढता येत नाही, याची आणखी काही उदाहरणे देतो. 1987 या एकाच वर्षी त्यांची 'मिझरी' आली आणि 'द टॉमीनॉकर्स'ही आली. पहिली त्यांच्या सर्वांत नेटक्या कादंबऱ्यांपैकी एक आहे, तर दुसरीला त्यांनी स्वतःच पुढे वाईट पुस्तक म्हटले आहे. 'कूजो' (1981) लिहिल्याचे आपल्याला जेमतेम आठवते, अशी कबुली त्यांनी व्यसनाच्या काळाविषयी लिहिताना दिली आहे. जून 1999 मध्ये रस्त्याच्या कडेने चालत असताना त्यांना व्हॅनची धडक बसली. त्यानंतर वेदनाशामकांच्या अमलाखाली हाताने लिहिलेली 'ड्रीमकॅचर' (2001) ही माझ्या मते त्यांच्या सर्वांत फसलेल्या पुस्तकांत मोडते. आणि ती 'नेव्हर फ्लिंच'च्या तब्बल चोवीस वर्षे आधीची आहे.

भय संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी 'रिव्हायव्हल' (2014) जरूर वाचावी. सहा वर्षांचा जेमी अंगणात खेळण्यातल्या सैनिकांशी खेळत असतो आणि त्याच्या अंगावर एक सावली पडते. ती गावात नव्याने आलेल्या धर्मोपदेशकाची, चार्ल्स जेकब्झची असते. पुढे अपघातात बायको आणि मुलगा गमावलेला हा माणूस प्रवचनपीठावरून देवालाच नाकारतो, आणि विजेच्या साह्याने मरणापलीकडे डोकावण्याच्या ध्यासात उरलेले आयुष्य घालवतो. तीनशे पाने कादंबरी शांतपणे चालते. काहींना ती संथही वाटते. शेवटी त्या पलीकडच्या बाजूला जे दिसते, ते सांगून मी कुणाचा रसभंग करणार नाही, पण 'पेट सेमेटरी'त मरण हेच बरे असे वाटायला लावणाऱ्या लेखकाने इथे तेवढाही आधार शिल्लक ठेवलेला नाही. तरुण बापाला मुलाच्या मरणाची भीती वाटते, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या मरणानंतर काय असेल याची. विषय बदलला, धार तीच राहिली. म्हणून दीपमाळ यांच्या विभागणीत मी एवढीच भर घालीन की त्यांच्या भीतीचे घर वयानुसार हलले आहे, आणि गुप्तहेरकथांच्या चौकटीत तिला राहायला जागा मिळत नाही.

अनुराधाताईंना एक सुचवतो. पुढची कादंबरी हाती घेण्यापूर्वी 2024 सालचा 'यू लाइक इट डार्कर' हा संग्रह घ्यावा, आणि त्यातही शेवटची कथा आधी वाचावी. साधारण तिशीत असताना किंग यांनी ती सुरू केली, काही पानांनंतर सोडून दिली, आणि ती पाने पुतण्याला सापडल्यावर पंचाहत्तरीच्या सुमारास पूर्ण केली. फिल पार्कर नावाच्या तरुण वकिलाला 1937 साली रस्त्याच्या कडेला टेबल मांडून बसलेला एक माणूस भेटतो. तो मोबदला घेऊन ठरावीक मिनिटांत विचाराल त्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. फिल त्याला तारुण्यात, मध्यमवयात आणि म्हातारपणी असा तीनदा भेटतो. तिशीतल्या किंग यांनी ही कथा तेव्हाच पूर्ण केली असती, तर ती बहुधा चटका देणाऱ्या शेवटाची एक हुशार भयकथा झाली असती. मधल्या भेटीत फिल जे प्रश्न विचारायचे टाळतो आणि जे विचारून बसतो, ते लिहायला मधली पंचेचाळीस वर्षे जगलेलाच माणूस हवा होता.