फोन उचलला की पहिला प्रश्न : 'लॅब आहे का?'

रामबागची
इंदुरात कुत्री वाचवून घरी देणाऱ्या एका संस्थेत मी रविवारी जाते. काम फोन घेण्याचं. गेल्या रविवारी अकरा फोन आले आणि त्यातल्या नऊ जणांनी आधी विचारलं, 'लॅब (म्हणजे लॅब्रॅडोर) आहे का?' नाहीतर, 'पांढरं, केसाळ काही आहे का?' नाही म्हटलं की, 'बरं, आलं तर कळवा.'

आमच्याकडे गराडू आहे. वय दोन वर्षं, रंग तपकिरी, डाव्या कानाला नसबंदीची खूण. (हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाडीखाली सापडला, म्हणून हे नाव.) कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली शिरतो आणि दहा मिनिटांनी आधी नुसतं नाक बाहेर येतं. पोरांनी शेपूट ओढली तर उठून लांब जाऊन बसतो. इतक्या महिन्यांत त्याला बघायलाही कोणी आलं नाही. मधल्या काळात कुणीतरी सोडून दिलेली दोन लॅब चार दिवसांत गेली. एक परत आलं. कारण काय, तर फार खातं आणि अंगावर उड्या मारतं!

ब्रीड अगदी शेवटी विचारा, एवढंच माझं म्हणणं. आधी वय, स्वभाव, मुलांशी कसं वागतं, मांजर चालतं का, एकटं किती वेळ राहतं, हे विचारा. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडवरून सांगता येतो, असं त्यात निघालं.

लोकमान्यनगर_जुना
वागण्याचं ठीक आहे हो ताई, शरीराचं काय? आमच्या शेजारी हस्की आणलाय. मे महिन्यात पारा ४२-४३ वर आणि त्याच्या अंगावर केसांचे दोन थर. दिवसभर एसीच्या खोलीत, लाइट गेली की सगळं घर त्याला ओल्या टॉवेलनं पुसत बसतं. पगचं नाक चपटं, त्याला उन्हात श्वास पुरत नाही. ब्रीड बघायची नाही म्हणता, मग असा हस्की तुमची संस्था कुणालाही देणार?

रामबागची
कुणालाही नाही देणार. तुमचा मुद्दा पटला, 'शेवटी' म्हणताना मी तो विसरलेच. पण बघा, तिथेही आम्ही विचारणार ते घराबद्दलच : वरचा मजला आहे का, छताला पत्रे आहेत का, दुपारी घरात कोण असतं?

दुसरा_मजला
प्रश्नांबद्दल तर बोलूच नका. मी नि बायको दोघं नोकरीला, घर भाड्याचं. एका संस्थेने फॉर्म भरून घेतला, आधार कार्ड घेतलं, घरमालकाचं पत्र मागितलं, घरी येऊन बाल्कनीची जाळी हलवून बघितली. आणि पंधरा दिवसांनी 'नाही'! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातसुद्धा एवढी चौकशी होत नाही. शेवटी पैसे मोजून पिल्लू आणलं, एका फोनवर काम झालं. लोक विकत का घेतात, हे आधी स्वतःला विचारा.

रामबागची
नकाराचं कारण सांगितलं?

दुसरा_मजला
घर नऊ तास बंद असतं म्हणाले.

रामबागची
तीन महिन्यांचं पिल्लू नऊ तास बंद घरात राहू शकत नाही. मोठं, शांत कुत्रं राहिलं असतं, फिरवायला दुपारी कोणी येणार असेल तर. ते त्यांनी सुचवायला हवं होतं, ही चूक त्यांचीच. जाळी मात्र बघावीच लागते, दुसऱ्या मजल्यावरून पडलेलं पिल्लू मी उचललंय. आणि विकत आणलंत ते किती दिवसांचं होतं?

दुसरा_मजला
पस्तीस दिवसांचं म्हणाले होते.

रामबागची
२०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. 'एका फोनवर' होतं ते असं.

सुदामानगरचे_आजोबा
तुमचं चालू द्या. माझ्या नातवाला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला धरलं, पाच वेळा सुई घेऊन आलो. कचरापेट्या गेल्या, शहर चकाचक झालं, पण या कुत्र्यांनी खायचं कुठे हा विचार कोणी केला नाही. आता तीच घरात घ्या म्हणता. आणि ब्रीडने फरक पडत नसेल तर सरकारने २०२४ मध्ये पिटबुल धरून २३ जातींवर बंदी कशाला घातली?

अन्नपूर्णा_रोड
आजोबा, सरकारचं मार्चमधलं ते बंदीचं पत्र एप्रिलमध्येच कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टाने रद्द केलं. बाकी दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, त्यांची ब्रीड आजवर कोणी विचारली?

सुदामानगरचे_आजोबा
तसबिरीतली चावत नाहीत.

रामबागची
आजोबा, नातवाचं वाचून वाईट वाटलं. गल्लीतलं दिसेल ते कुत्रं उचलून कुणाच्याही घरात द्यावं, असं मीही म्हणत नाही. नसबंदी आणि लस झाली की बहुतेक कुत्री होती तिथेच परत सोडायची, नियमच तसा आहे. दत्तक देतो ती महिना-दोन महिने कुणाच्या तरी घरी राहून आलेली. चावरं असेल तर तिथेच कळतं.

सुदामानगरचे_आजोबा
कळत असेल. मी घेणार नाही.

लोकमान्यनगर_जुना
कुकरला घाबरतो ते सांगितलंत. दिवाळीत काय करतो तुमचा गराडू?

रामबागची
न्हाणीघरात बसतो. नळ चालू ठेवावा लागतो आणि कोणीतरी सोबत बसावं लागतं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोनपर्यंत. यंदा माझी पाळी होती. फोनवर विचारणाऱ्याला हे मी आधीच सांगते.

लोकमान्यनगर_जुना
आमच्याकडे न्हाणीघर मोठं आहे. बघू.