मदत हवी आहे: तज्ज्ञ डॉक्टरांना कार्डिओमेटाबोलिक रिस्क शिकवायची कशी?

निळी_शाई
शुक्रवारी याच विषयावर, म्हणजे मधुमेह, वजन, हृदय आणि किडनी यांच्या एकत्र धोक्यावर, सेशन आहे. ८६ स्लाइड्स झाल्यात. मागच्या वेळी सगळे माना डोलावून गेले आणि प्रिस्क्रिप्शनं जशीच्या तशी राहिली. काय कापू? लवकर सांगा.

रातपाळी
समोर कोण आहे? कार्डिओ (हृदय), एंडोक्राइन (हार्मोन्स, मधुमेह), नेफ्रो (किडनी)? वेळ किती?

निळी_शाई
तिन्ही एकत्र. ४० मिनिटं. लिहायचं राहिलं.

जुना_फिजिशियन
ट्रायल्स कापू नका. २०१५ची एम्पा-रेग ट्रायल घ्या: मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांत एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीने हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. मग २०२३ची सिलेक्ट: मधुमेह नसताना, केवळ जास्त वजन आणि हृदयविकार असताना सेमाग्लुटाइड या शुगर-वजनाच्या औषधाचा फायदा दिसला. पुरावा पटल्याशिवाय कोणी पेन उचलत नाही.

रातपाळी
आकडे पाठ आहेत हो त्यांना. घोडं अडतं ते औषध लिहायचं कोणी यावर. परवा हातात आलेलं डिस्चार्ज कार्ड: अँजिओप्लास्टी झालेली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ५४, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासलेलंच नाही. खाली एक ओळ, ‘शुगरसाठी फिजिशियनना दाखवा’. फिजिशियनना वाटतं, हृदयाचा पेशंट आहे, कार्डिओवालेच बघतील. पेशंट मधल्या मध्ये.

जुना_फिजिशियन
एका कार्डावरून नियम काढू नका. आणि पाठ आहे म्हणता, तर ईजीएफआर थोडा उतरला की एम्पाग्लिफ्लोझिनच्याच गटातलं डॅपाग्लिफ्लोझिन लगेच बंद का होतं? सुरुवातीची ती घट अपेक्षित असते. हा माहितीचाच प्रश्न झाला.

रातपाळी
हे मात्र बरोबर.

पहाटफेरी
माझं एलडीएल कोलेस्टेरॉल १३८ आलंय, शुगर नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू करू का?

रातपाळी
एका आकड्यावर ठरत नाही. वय, बीपी, तंबाखू, घरात कोणाला हार्ट अटॅक आला होता का, सगळं बघावं लागतं. तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. हा धागा वेगळा आहे.

स्लाइडवाली
फॉन्ट २४च्या खाली नेऊ नका. गडद पार्श्वभूमी टाळा.

वॉर्डसिस्टर
औषध थांबवायचं कधी हेही शिकवा, कळकळीने सांगते. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ही ग्लिफ्लोझिन्स बंद हवीत. आमच्याकडे एक बाई उलट्या आणि धाप घेऊन आल्या. शुगर १८०, म्हणून कीटोन कोणी बघितलेच नाहीत. ते कीटोअ‍ॅसिडोसिस होतं, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं. या गोळ्यांवर शुगर फारशी न चढताही होतं.

निळी_शाई
सिस्टर, हे नक्की घेते. ट्रायल्स ५ स्लाइड्समध्ये आटपते. नावं झाकून असंच एक कार्ड प्रत्येक टेबलावर, तिन्ही शाखांचे लोक एकत्र. प्रश्न दोनच: आज औषध कोण लिहिणार, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) परत कोण बघणार? पण अल्ब्युमिनची तपासणी कोणाच्या गळ्यात घालू?

रातपाळी
पेशंट ज्याच्यासमोर आहे त्याच्या. सकाळच्या लघवीचा एक नमुना, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३०च्या वर आलं तर ३ महिन्यांत परत.