रेबेका : मॅक्सिम गप्प का बसतो?

स्पॉयलर आहे, ज्यांनी डॅफ्नी द्यू मोरिएची ही कादंबरी वाचली नाही त्यांनी पुढे जाऊ नका. मॅक्सिम दुसऱ्या बायकोला सगळं आधीच का सांगत नाही म्हणताय, अहो सांगणार कसं, पहिलीचा, म्हणजे रेबेकाचा, खून केलाय त्याने! आणि गंमत बघा, गोळी घातल्याचं तो कबूल करतो तेव्हा या दुसऱ्या बायकोला हायसंच वाटतं, का तर त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं म्हणे. मला तर तिथे तीच जास्त डेंजर वाटली. घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स, तिचं सगळं उघड तरी आहे, रेबेकाची खोली जशीच्या तशी ठेवते, तिचा नाइटगाऊन जपते, या दुसऱ्या बायकोचं मात्र नावसुद्धा शेवटपर्यंत कळत नाही. १९४० च्या सिनेमात त्यांनी खुनाचा अपघात करून टाकला, कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांत बायकोला मारून नवरा मोकळा सुटणं बसत नव्हतं, पण मग तिच्या त्या हायसं वाटण्यात काय राहिलं?