'व्होटिंग रेकॉर्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

टाचण : अमेरिकी सिनेटमधल्या एका मुरब्बी सदस्यावरचा लेख मराठीत आणायचा आहे. तो जाहीर सभांत काय बोलत आला आणि सभागृहात मत कुठे देत आला, यांतली तफावत हा लेखाचा कणा. पहिली अडचण 'व्होटिंग रेकॉर्ड'ची, म्हणजे सदस्यानं सभागृहात वेळोवेळी दिलेल्या मतांच्या नोंदीची. 'मतदान अभिलेख' कपाटातल्या फायलीसारखं वाटतं. 'मतदानाची नोंद' म्हटलं की मतदारयादी डोळ्यापुढे येते. 'मतदानाचा इतिहास' लिहिलं तर हा गृहस्थ स्वतः निवडणुकीत मतदान केंद्रावर जात होता की नाही, असा अर्थ निघतो. दुसरी अडचण त्याहून मोठी. आपल्याकडे 'मत' म्हणजे अभिप्रायही आणि सभागृहातला होकार-नकारही. 'या विधेयकावर त्यांचं मत वेगळं आणि मत वेगळं' असं वाक्य तर लिहिता येत नाही.

कानामात्रा : दुसरीवर उपाय सोपा आहे. अभिप्रायासाठी 'भूमिका', सभागृहातल्या कृतीसाठी 'मत'. लेखभर हा नियम मोडू नका. 'विधान' मात्र टाळा, कारण पुढच्याच ओळीत 'विधानसभा', 'विधेयक' येणार आणि वाचक अडखळणार. 'निवेदन'ही नको. सभागृहात मंत्री करतात ते निवेदन, आणि जिल्हाधिकाऱ्यांना देतात तेही निवेदन. 'वक्तव्य' चालेल.

सभागृही : 'व्होटिंग रेकॉर्ड'ला आपल्याकडे शब्द रुळला नाही, याचं कारण कामकाजाच्या पद्धतीत शोधावं लागेल. आपल्याकडे बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष 'होय' आणि 'नाही' ऐकतात, बहुमत कोणाचं ते जाहीर करतात, विषय संपतो. कोणत्या सदस्यानं काय म्हटलं ते कुठेही उतरत नाही. नावं उतरायची तर कोणीतरी मतविभागणी मागावी लागते. विधानसभेत तिला सरसकट 'पोल' म्हणतात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. त्या दिवशी कोण कोणत्या बाजूला होतं, हे आज नावानिशी सांगता येत नाही.

नोंद झाली तरी ती सगळं सांगतेच असंही नाही. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली. बाजूनं १६९, तटस्थ चार, विरोधात शून्य. हा शून्य फसवा आहे, कारण भाजपनं सभात्याग केला होता. जो बाहेर गेला त्याचा विरोध आकड्यात दिसत नाही.

शिवाय १९८५ पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, लागू आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मत द्यायचं टाळलं, आणि पक्षानं १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्वावर गदा येते. म्हणजे मत सदस्याचं, पण ठरवतो पक्ष. मग एकेका आमदाराच्या मतांचा हिशेब ठेवणार कोण?

टाचण : म्हणूनच 'व्होटिंग रेकॉर्ड' तसंच ठेवावं का, असा विचार आहे. वस्तू तिकडची, तर नावही तिकडचंच.

कानामात्रा : ठेवू नका. मराठी वाचकाला 'रेकॉर्ड' म्हणजे आधी विक्रम आठवतो. मथळ्यात 'सिनेटरचं व्होटिंग रेकॉर्ड' छापलंत, तर त्यानं मतांचा उच्चांक केला असं निम्मे लोक वाचतील. इंग्रजी शब्द घेतल्यानं अर्थ आपोआप स्पष्ट होतो ही समजूत चुकीची आहे. आणि हो, 'मुरब्बी' छान बसलाय. मुरण्यावरून आलेला अस्सल मराठी शब्द.

मुळाक्षर : 'मुरब्बी'चा 'मुरणे'शी काही संबंध नाही. तो अरबी. 'मुरब्बी' म्हणजे सांभाळ करणारा, वाढवणारा, आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ आश्रयदाता असाच होता. 'मुरंबा' त्याच धातूतून आला. तेव्हा 'मुरंबा मुरतो म्हणून मुरब्बी' ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ध्वनीच्या साम्यावर उभी आहे.

कानामात्रा : मग तर टाचणनी 'ज्येष्ठ' लिहावं. मूळ अर्थ आश्रयदाता असेल तर सिनेटरला तो लावणं चूक ठरतं.

मुळाक्षर : चूक कशी? 'मुरणे'च्या ओढीनंच अर्थ सरकला आणि आज 'मुरब्बी राजकारणी' म्हणजे डाव ओळखणारा, अनुभवी, हे सगळ्यांना कळतं. व्युत्पत्ती अर्थाचा इतिहास सांगते, ती अर्थाला बांधून ठेवत नाही. 'ज्येष्ठ' नुसतं वय आणि पद सांगतो, डाव सांगत नाही. तुमच्या न्यायानं पक्षाच्या सदस्यांना एकत्र राखणारा 'प्रतोद'सुद्धा काढून टाकावा लागेल. संस्कृतात प्रतोद म्हणजे पराणी, चाबूक. इंग्रजीत 'व्हिप' ही संज्ञा शिकारीत कुत्र्यांना कळपात राखणाऱ्या माणसावरून आली. आपण माणूस सोडून चाबूकच उचलला, तरी शब्द रुजला.

सभागृही : रुजला, पण अर्धाच. इंग्रजीत माणूसही 'व्हिप' आणि त्यानं काढलेला आदेशही 'व्हिप'. मराठीनं ही दोन नावं वेगळी केली, 'प्रतोद' आणि 'पक्षादेश', आणि ते फार उपयोगाचं आहे. तरी बातम्यांत 'प्रतोदांनी व्हिप बजावला' असंच येतं. शिवसेना फुटल्यावर, जुलै २०२२ नंतर तर हा फरक न्यायालयापर्यंत गेला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे त्याच्या निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा) नाही. हे वाक्य 'व्हिप' हा एकच शब्द वापरून लिहून बघा. नेमणूक माणसाची की आदेशाची, ते कळणार नाही.

रुजुवात : मूळ प्रश्नाकडे येतो. हिशेबाच्या भाषेत याला नेमका शब्द आहे. सभागृहाचं इतिवृत्त म्हणजे रोजकीर्द : तारखेनुसार, घडलं तसं, सगळ्यांचं एकत्र. त्यातून एका माणसाच्या नोंदी उचलून त्याच्या खात्यावर टाकल्या की झाली खतावणी. 'व्होटिंग रेकॉर्ड' ही 'मतांची खतावणी' आहे.

पण खतावणी करताना नुसते 'होय' आणि 'नाही' मोजून चालत नाही. सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचा नेता चर्चा आवरण्याचा प्रस्ताव मांडतो. त्याला १०० पैकी ६० मतं लागतात. ती मिळत नाहीत असं दिसलं की नेता स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध मत टाकतो. हरलेल्या बाजूनं मत दिलेल्या सदस्याला फेरविचाराची मागणी करता येत नाही, म्हणून. त्याच्या खात्यात 'विरोध' पडतो, भूमिका मात्र पूर्ण पाठिंब्याची असते. अशा प्रत्येक नोंदीपुढे शेरा हवा, नाहीतर लेखक तफावत म्हणून दाखवेल ती तफावत नसेलच.

कानामात्रा : 'खतावणी' सुंदर आहे, पण आजच्या किती वाचकांना कळेल? ज्या पिढीनं कीर्द-खतावणी पाहिली ती सत्तरी ओलांडलेली.

रुजुवात : वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत आजही 'खतावणी' शिकवतात. शुद्ध मराठी हवं म्हणता आणि शुद्ध मराठी शब्द आला की जुना ठरवता.

सभागृही : टाचण, शब्दाच्या आधी एक मोठा खड्डा सांगतो. तुमच्या लेखात 'मोशन टू टेबल' येणारच. ते 'पटलावर ठेवण्याचा प्रस्ताव' असं लिहू नका. आपल्याकडे ब्रिटिश वळणानं 'पटलावर ठेवणे' म्हणजे सभागृहापुढे सादर करणे. अहवाल, अधिसूचना पटलावर ठेवतात. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे एखादी दुरुस्ती 'टेबल' करणं म्हणजे ती तिथल्या तिथे संपवणं. म्हणून त्या प्रस्तावावर 'होय' म्हणणारा दुरुस्तीच्या विरोधात असतो आणि 'नाही' म्हणणारा बाजूनं.

टाचण : हे लेखात आहेच! सिनेटर आणि तेव्हाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांचं २००४ चं प्रसिद्ध वाक्य उद्धृत केलंय : ८७ अब्ज डॉलरच्या बाजूनं मी खरं तर आधी मत दिलं होतं, मग विरोधात दिलं. मी ते सरळ धरसोडीचं उदाहरण म्हणून उतरवलं.

सभागृही : तिथेच घोळ होतो. ऑक्टोबर २००३ मध्ये इराक-अफगाणिस्तानच्या खर्चासाठी ती ८७ अब्जांची मागणी सिनेटपुढे होती. हा पैसा वरच्या उत्पन्नगटाची करकपात मागे घेऊन उभारावा, अशी दुरुस्ती बायडन आणि केरींनी आणली. तिच्यावर थेट मतदान झालंच नाही, 'टेबल' करण्याच्या प्रस्तावावर झालं. म्हणजे केरी ज्याला 'बाजूनं दिलेलं मत' म्हणतात ते कागदावर 'नाही' आहे. पुढे मूळ विधेयक ८७ विरुद्ध १२ नं मंजूर झालं, त्या बारांत केरी. खतावणीत दोन्ही वेळा 'नाही' आणि वक्तव्यात एकदा 'बाजूनं', एकदा 'विरोधात'. शेरा नसेल तर नोंद खोटी वाटते, आणि वक्तव्यही.

मुळाक्षर : मग 'टेबल करणे' याला 'बासनात गुंडाळणे' घ्या. रुळलेला वाक्प्रचार आहे.

रुजुवात : बासनात गुंडाळलेलं प्रकरण नुसतं पडून राहतं. त्यावर मतदान होत नाही. इथे रीतसर मतदान होऊन निकाल लागतो. 'दप्तरी दाखल करणे' जवळचं. कारवाई न करता प्रकरण बंद केल्याची ती कार्यालयीन संज्ञा आहे.

कानामात्रा : 'दप्तरी दाखल'मध्ये 'दाखल' आहे, वाचक पुन्हा 'सादर केलं' असंच वाचेल. सरळ 'चर्चेविना फेटाळणे' लिहा.

सभागृही : चर्चा होऊ शकते आधी. फक्त 'टेबल'चा प्रस्ताव मांडल्यावर त्यावर चर्चा होत नाही. 'चर्चेविना' चुकीचं ठरेल.

मुळाक्षर : 'निकालात काढणे'?

रुजुवात : त्यात मंजूर करूनही निकालात काढता येतं. टाचण, तुमच्या लेखात असे 'टेबल'चे प्रसंग किती आहेत? एकच असेल तर तळटीप पुरे. चार-पाच असतील तर आधी शब्द ठरवा, मग मथळा.

टाचण : सात आहेत. आणि दोन ठिकाणी मतदानाच्या वेळी हा सिनेटर नुसता 'प्रेझेंट' (हजर) म्हणालाय. त्याला मी 'तटस्थ' लिहिलंय.

सभागृही : 'तटस्थ'नं गणपूर्तीचं (कोरमचं) काय होतं ते कळत नाही. 'प्रेझेंट' म्हणणारा हजेरीत धरला जातो, पण कोणत्याच बाजूला नाही. गैरहजर तर त्यातही नाही. लेखात गैरहजेरीचे आकडे दिले असतील, तर हे दोन रकाने वेगळे ठेवा. विस्कॉन्सिनचे सिनेटर प्रॉक्समायर यांनी १९६६ ते १९८८ या काळात नावनिशीवार मतदान (नाव पुकारून घेतलेलं) एकदाही चुकवलं नाही, सलग १०,२५२ वेळा. तो विक्रम हजेरीचा, बाजूचा नव्हे.

कानामात्रा : 'नावनिशीवार मतदान'! 'रोल कॉल'ला हा शब्द घ्याच. तो तरी कोणी अडवू नये.

मुळाक्षर : 'नावनिशी'तला 'निशी' फारसी, 'नविसी'वरून. लिहिणं. 'फडणवीस', 'चिटणीस'मध्येही तोच. घ्या, पण 'शुद्ध' म्हणून घेऊ नका.