घरटी एक मत

सी-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, गच्चीवर. लिफ्टचा खर्च आणि नवीन कमिटी, दोन्हींवर मतदान होईल. जागा कमी आहे, तेव्हा प्रत्येक फ्लॅटमधून एकाच व्यक्तीने यावे ही विनंती.

ए-६०४: दादा, आमच्या फ्लॅटवर आईबाबा दोघांची नावं आहेत. आई आली तर चालेल ना? गेल्या वर्षी तिला कुणीतरी म्हणालं होतं, साहेब आलेत ना, मग तुम्ही कशाला थांबताय. ती तशीच खाली परत आली.

सी-१०२ (सेक्रेटरी): शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव ज्यांचं, मत त्यांचं. ते नसतील तर दुसऱ्यांचं. बसायला कुणालाच मनाई नाही. गेल्या वर्षी तसं व्हायला नको होतं.

बी-४०२: नियम योग्यच आहे. घराचं मत एकच असतं. नवराबायको घरी बोलतात, ठरवतात, मग सभेला कुणीही एक जण गेला तरी काय फरक पडतो? आमच्याकडे ३५ वर्षं असंच चाललंय आणि हिची कधी तक्रार नाही.

ए-३०१: नियमाबद्दल मी काही म्हणत नाही. पण "घराचं मत एकच असतं" हे वाक्य मी शाळेत २८ वर्षं शिकवलंय. बायकांना मताधिकार नको म्हणणाऱ्यांचा इंग्लंडमधला हा एक मुख्य मुद्दा होता. बाईचं हित नवरा किंवा बाप सांभाळतोच, तिला मत दिलं तर एकतर नवऱ्याचंच मत दुप्पट होईल, नाहीतर घरात भांडण लागेल. दोन्हीकडून वाईटच. आणि हे म्हणणारे फक्त पुरुष नव्हते बरं का. १९०८ साली तिथे मताधिकाराला विरोध करणारी बायकांची स्वतंत्र संघटना निघाली होती.

बी-४०२: बाई, ते तिकडे. तिकडे बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं, तुरुंगात उपास करावे लागले. आपल्याकडे घटनेने पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मत दिलं. आपल्या बायकांना त्यासाठी भांडावं लागलं नाही, हे अभिमानाने सांगायला हवं.

बी-१०५: काकांचा मुद्दा बरोबर आहे. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत १९७१ साली मिळालं. १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांनी सार्वमतात नाही म्हणून सांगितलं होतं. आणि आपेन्झेल इनरऱ्होडेन नावाचा एक छोटा कँटन, म्हणजे प्रांत आहे, तिथे पुरुष चौकात जमून हात वर करून मतदान करायचे. त्यांनी १९९० सालीसुद्धा नकार दिला. शेवटी त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे बायकांना स्थानिक मत मिळालं. १९९०! माझ्या मोठ्या बहिणीचं जन्मवर्ष.

ए-३०१: घटनेचा अभिमान मलाही आहे आणि स्वित्झर्लंडचं खरंच आहे. पण "भांडावं लागलं नाही" हे मात्र मी तसंच सोडणार नाही. जरा मोठा मेसेज होईल, वाचा.

डिसेंबर १९१७. ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले होते, पुढच्या सुधारणांबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला. सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन त्यांना भेटल्या. जुळवाजुळव मद्रासमधल्या आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांची. मुळात बायकांना मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलायचं होतं. उत्तर आलं की फक्त राजकीय विषयांवरचीच शिष्टमंडळं भेटू शकतात. मग निवेदनात मताधिकार आला. त्यातली एक मागणी मला फार महत्त्वाची वाटते. सुधारणांच्या योजनेत "जनतेचे प्रतिनिधी" वगैरे शब्द होते. बायकांनी सांगितलं, कायदा असा लिहा की "जनता" या शब्दात आम्हीही धरल्या जाऊ. म्हणजे मत मागण्याच्या आधी माणसांत मोजा हे सांगावं लागलं.

१९१८ मध्ये माँटेग्यूंच्या सुधारणांचा अहवाल आला, त्यात बायकांच्या मताचा उल्लेखही नव्हता. मग मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला नेमलेली साउथबरो समिती देशभर फिरली. तिने सांगितलं, अजून वेळ आलेली नाही, समाज जुन्या वळणाचा आहे, पडद्यातल्या बायका मत कशा देणार. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. सरोजिनीबाई आणि अ‍ॅनी बेझंटही होत्या. आईने मुलीला बरोबर घेऊन हे काम केलं, तेही १९१९ साली. हे वाचलं की मला अजून भरून येतं.

तरीही पार्लमेंटने निर्णय घेतला नाही. प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळावर सोपवून दिला. म्हणजे पुरुषांनी निवडलेल्या पुरुषांनी ठरवायचं, बायकांना मत द्यायचं का.

डी-२०३: बाई, मग मुंबई प्रांताने काय ठरवलं?

ए-३०१: दिलं, १९२१ मध्ये. त्याच वर्षी मद्रासने आधी दिलं होतं. बंगालने १९२१ ला नाकारलं आणि १९२५ ला दिलं. आपल्याकडे रमाबाई रानडे या चळवळीत पुढे होत्या, पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या. साधारण त्याच सुमारास पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावरून मोठा वाद पेटला होता. नगरपालिकेकडे पैसे अपुरे आहेत, तर आधी मुलांचं करू, मुलींचं नंतर बघू, असं एका बाजूचं म्हणणं. त्या लढ्यातही रमाबाई होत्याच. "आधी मुलांचं" हे तर आमच्या वडिलांच्या तोंडूनही मी ऐकलंय, फीच्या वेळी.

बी-४०२: म्हणजे १९२१ मध्ये मिळालंच की मुंबईला. माझा मुद्दा तोच, फार झगडावं लागलं नाही.

ए-६०४: काका, कुठल्या बायकांना मिळालं ते बघा ना. मत मालमत्तेवर होतं. ठरावीक शेतसारा भरणारा, प्राप्तिकर भरणारा, ठरावीक भाड्याचं घर असणारा. १९२१ मध्ये फक्त "बाई आहे म्हणून नाही" ही अडकाठी गेली, बाकीच्या अटी तशाच राहिल्या. सातबाऱ्यावर बाईचं नाव तेव्हा किती ठिकाणी असणार? देशभरात शेकड्याला एका बाईलासुद्धा ते मत मिळालं नाही. आणि मत देता येत होतं तरी कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात बसता येत नव्हतं, ते आणखी काही वर्षांनी. मी लॉला आहे, हे मुद्दाम वाचलंय.

बी-१०५: शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव…

ए-६०४: हो. तेच डोक्यात आलं म्हणून लिहिलं.

सी-१०२ (सेक्रेटरी): सभेचा विषय आणि हा विषय वेगळा आहे, पण चालू द्या. मीही वाचतोय.

बी-४०२: मालमत्तेची अट पुरुषांनाही होती. गरीब पुरुषालाही मत नव्हतं. याला बायकांवरचा अन्याय कसं म्हणता येईल?

ए-३०१: मुद्दा रास्त आहे. गरीब पुरुषावरही अन्यायच होता. पण गरीब पुरुष कमावून उद्या त्या अटीत बसू शकत होता. श्रीमंत घरातली बाई सहसा बसत नव्हती, कारण घर श्रीमंत होतं, ती नव्हती. यातून मार्ग म्हणून १९३५ च्या कायद्यात काय केलं ते ऐका. मालमत्तेमुळे ज्याला मत आहे त्याच्या बायकोलाही मत. साक्षर बायकांनाही दिलं. बायकांची संख्या एकदम वाढली, सुमारे ६० लाख झाली.

बी-४०२: मग हे तर चांगलंच झालं.

ए-३०१: बायकांच्या संघटनांना ते चांगलं वाटलं नाही. अखिल भारतीय महिला परिषद, जिची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरली, तिने आणि इतर दोन मोठ्या संघटनांनी मिळून सांगितलं होतं की आम्हाला नवऱ्याच्या मालमत्तेवरचं मत नको, राखीव जागाही नकोत, प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, बाई असो की पुरुष. उलट राधाबाई सुब्बरायन यांच्यासारख्या काही जणी म्हणत होत्या की प्रौढ मताधिकार आत्ता सरकार देणार नाही, तर मिळतंय ते घेऊ, आधी बायकांना मतदानकेंद्रापर्यंत पोचू तर द्या. राधाबाई १९३० साली लंडनला भारताच्या पुढच्या घटनेवर भरलेल्या गोलमेज परिषदेला बेगम शाहनवाज यांच्याबरोबर गेल्या होत्या, लंडनची हवा त्यांना माहीत होती. वर्गात मी दोन गट करून हा वाद घालायला लावायचे आणि दर वर्षी मुली वेगळा निकाल द्यायच्या. मी स्वतः संघटनांच्या बाजूची. माझं मत मी कुणाची कोण आहे यावर उभं असेल तर ते त्याच्याबरोबर जाईलही.

डी-२०३: बाई, या वाक्यावरून मला आमच्या आजीचं सांगावंसं वाटतं. मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. पण सांगते.

आमचं आजोळ इंदूरचं. तीन पिढ्या तिकडे. पहिल्या निवडणुकीच्या आधी मतदारयादी करायला माणूस दारात आला. घरात पुरुष कुणी नव्हतं. त्याने विचारलं, नाव काय? आजी दाराआडून म्हणाली, लिहा अमक्यांची मंडळी. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, त्यामुळे तेही तिने सरळ सांगितलं नाही, थोरल्या मुलाचं नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं, अमक्याची आई. झालं. पुढे कळलं की अशी नोंद चालत नाही. स्वतःचं नाव हवं. नाव द्यायला तालुक्याच्या कचेरीत कोण जाणार? गेलं नाही कुणी. आजोबांनी मत दिलं, आजीचं राहिलं.

आम्ही तिला विचारायचो, सांगायचं होतंस ना नाव. ती म्हणायची, अगं, कुठलं सांगू? माहेरचं एक, इथलं एक. माहेरच्या नावाने मला २० वर्षांत कुणी हाक मारली नव्हती, आणि इथलं नाव ताटातल्या तांदळात ह्यांनी लिहिलं, तेही मला धड वाचता आलं नव्हतं.

ए-३०१: ताई, तुमची आजी एकटी नव्हती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम धरलं होतं की मतदाराचं स्वतःचं नाव यादीत हवंच, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" चालणार नाही. देशात सुमारे ८ कोटी बायका मतदार होत्या, त्यांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावं याच कारणाने गळाली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि तुमचं इंदूर ज्यात होतं ते तेव्हाचं मध्य भारत राज्य, इथे प्रमाण जास्त. बिहारला नावं दुरुस्त करायला महिनाभर मुदत वाढवून दिली होती.

ए-६०४: २८ लाख. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सेन यांचा राग आला होता. इतक्या बायकांचं पहिलं मत गेलं. नंतर वाटलं, त्यांनी ती नोंद चालवून घेतली असती तर पुढच्या प्रत्येक यादीत तेच आलं असतं. कलम ३२५ सांगतं की स्त्री-पुरुष भेदावरून कुणालाही यादीतून वगळता येणार नाही. पण यादीत बसायला नाव तर लागतं.

बी-१०५: ताई, आजींनी नंतर कधी मत दिलं का?

डी-२०३: दिलं. १९५७ ला. तेव्हा शेजारच्या शाळेतल्या बाई घरोघरी फिरून नावं विचारत होत्या, त्यांना तिने सांगितलं. त्यानंतर एकही चुकवलं नाही. शेवटच्या वेळी ८१ वर्षांची होती, खुर्चीत बसवून नेलं. आजोबा कुणाला मत देतात ते तिने कधी विचारलं नाही आणि स्वतःचं कधी सांगितलं नाही. आजोबा फार चिडायचे. आई म्हणते, त्या घरात आजीची म्हणून एवढी एकच गोष्ट होती जी कुणाला माहीत नव्हती.

ए-३०१: आता २०१९ च्या लोकसभेला तर बायकांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदाच पुरुषांच्या किंचित पुढे गेली. २०२४ लाही पुढेच राहिली.

बी-४०२: ताई, आजींचं वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. बाई, तुमचं पटलं असं पूर्ण म्हणत नाही. सोसायटीच्या नियमात एका फ्लॅटला एक मत आहे ते मला अजूनही योग्य वाटतं. पण "हिची कधी तक्रार नाही" असं मी वर लिहिलंय. ते मी तिला विचारून लिहिलं नव्हतं.

ए-३०१: हे तुम्ही लिहिलंत, मला फार बरं वाटलं.

सी-१०२ (सेक्रेटरी): एक सांगतो. आत्ता हजेरीची यादी उघडून बघितली. १९ ठिकाणी नुसतं "सौ." आणि पुढे नवऱ्याचं नाव आहे. जुन्या यादीतून उतरवत आलोय, लक्ष गेलं नाही. कृपया प्रत्येकीने आपलं पूर्ण नाव मला कळवावं, रविवारच्या आत यादी नव्याने करतो. आणि एकाच व्यक्तीने यावे ही विनंती मागे घेतो. मत नियमाप्रमाणेच मोजू, पण बसायला, बोलायला सगळ्यांनी या. खुर्च्या बी विंगमधून आणू.

ए-६०४: थँक्यू दादा. आईला दाखवलं. येतेय ती.

बी-१०५: खुर्च्या मी आणि डी-४०१ चा मुलगा वर चढवू.

बी-४०२: सेक्रेटरीसाहेब, हिचा नंबर पाठवलाय. ती ग्रुपवर नाहीये. घ्या. नाव तिचं तीच सांगेल.

(सेक्रेटरी यांनी एक नवीन सदस्य जोडला.)

बी-४०२ (काकू): नमस्कार. ह्यांनी आत्ता सगळं वाचून दाखवलं. सेक्रेटरी, नाव तुम्हाला वेगळं पाठवते. डी-२०३ ताई, एक विचारू का? आजींनी त्या शाळेतल्या बाईंना शेवटी कुठलं नाव सांगितलं?

डी-२०३: सासरचं, काकू. यादीत तेच होतं शेवटपर्यंत. सही मात्र माहेरच्या नावाची शिकली होती, ती आम्हाला तिच्या वहीत सापडली.