इन्सुलिनसोबतचा जेल पॅक सिक्युरिटीत काढून घेतात, पटतं का तुम्हाला?

गोडखाऊ: आईला घेऊन बहिणीकडे लंडनला निघालो होतो, तिची तीन महिन्यांची इन्सुलिन पेनं थंड पिशवीत, खाली फ्रीझरमध्ये गोठवलेला, गारवा धरणारा जेल पॅक. स्क्रीनिंगवाल्याने पेनं सोडली आणि जेल पॅक उचलून बाजूला टाकला, म्हणे जेल १०० मिलीच्या वर आहे, हातातल्या बॅगेत चालत नाही. म्हणजे दूध न्या पण पातेलं इथंच ठेवा! चेक-इन बॅगेत टाकावं तर खाली गोठायची भीती, आणि इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही फेकायचंच.

खाकीघरची: माझा भाऊ हीच ड्युटी करतो म्हणून लिहिते. २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतल्या स्फोटकांनी उडवायचा कट पकडला ना, तेव्हापासूनचा हा १०० मिलीचा नियम. औषधांना सूट आहे, पण औषध आहे हे त्याने ओळखायचं कसं? लोक बॉक्स घरी टाकतात, पेनं सुट्टी रुमालात गुंडाळून आणतात आणि प्रिस्क्रिप्शन मागितलं की व्हॉट्सॲप वरखाली करत बसतात, मागे लाईन खोळंबलेली. उद्या काही झालं तर सस्पेंड कोण होणार, तुमची आई?

गोडखाऊ: प्रिस्क्रिप्शन कागदावर होतं, पासपोर्टवरच्याच नावाने. बघितलंसुद्धा नाही त्याने.

रोखठोक: पण पॅक हवा कशाला? पेन बाहेर महिनाभर टिकतं, दहा तासात काय आभाळ कोसळतंय. उगाच इश्यू.

गोडखाऊ: चालू पेन टिकतं हो. न उघडलेली २ ते ८ डिग्रीत ठेवायची असतात, बाहेर काढली की त्यांचाही महिना सुरू, मग पुढचे दोन महिने काय टोचायचं?

पंपवाली: मी टाइप वन डायबेटिक, कमरेला इन्सुलिन सोडणारा पंप. माझ्या पंपाच्या कंपनीने स्पष्ट लिहिलंय की एक्स-रे मशीनमधून घालू नका. एका ठिकाणी मॅडमनी पडद्याआड पंपावरून पट्टी फिरवली, ती पट्टी स्फोटकं ओळखायच्या मशीनमध्ये घालून बघितली आणि दोन मिनिटांत सोडलं. दुसरीकडे सरळ "काढा आणि ट्रेत ठेवा". काढून ठेवायला तो काय बेल्ट आहे? भाऊ असेल खाकीघरचीचा चांगला, पण आमचं सगळं समोर कोण उभंय त्यावर अवलंबून.

आखातातला: सिक्युरिटी परवडली. यूएईत ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर आधी परवानगी न काढता आणली तर केस होऊ शकते.

खाकीघरची: ते कायद्याचं, इथे चेकिंगचं चाललंय. @पंपवाली, ट्रेनिंग वाढवा हे मान्य. पण अडलं तर शांतपणे वरच्या साहेबांना बोलवा म्हणायचं, जवानाला स्वतः सूट द्यायची भीती वाटते.

गोडखाऊ: म्हटलं की. साहेब राऊंडला गेलेले आणि इकडे बोर्डिंग सुरू. शेवटी आत गेल्यावर कॉफीवाल्याकडून ग्लासभर बर्फ मागून घेतला, टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. १०० मिलीपेक्षा जास्तच असेल, कोणी विचारलं नाही.